धरणी सर्वांखाली हलली, मेले मात्र गरीब

भूकंप म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट कोण विसरेल? गणपती विसर्जन करून लोक घरोघरी झोपले होते आणि झोपेतच सुमारे दहा हजार जीव दगडमातीखाली गेले. पण आज लिहायचे आहे ते आपल्या शेजारच्या नेपाळविषयी. तथागतांची जन्मभूमी लुंबिनी ज्या देशात आहे तो हा देश. याच देशाच्या राजधानीत, काठमांडूत, नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्याविषयी भाषण केले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आणि मुंबई-पुण्यात रात्रभर काठी आपटत सोसायट्यांची राखण करणारा जो बहाद्दर आपण पाहतो, तोही बहुधा याच देशाचा. तेव्हा नेपाळचे दुःख आपल्याला परके नाही.

२५ एप्रिल २०१५, शनिवार, सकाळचे ११ वाजून ५६ मिनिटे. गोरखा जिल्ह्यातील बारपाक गावाजवळ धरणी हादरली. भूकंपाची तीव्रता ७.८ होती. सतराच दिवसांनी, १२ मे रोजी, ७.३ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला आणि पहिल्या वेळी तडे जाऊन उभी राहिलेली घरे त्यात बसली. सुमारे नऊ हजार माणसे मेली, बावीस हजारांच्या आसपास जखमी झाली. जवळजवळ पाच लाख घरे जमीनदोस्त झाली आणि आणखी अडीच लाखांहून अधिक घरांचे नुकसान झाले. लांगटांग नावाचे डोंगरातले अख्खे गाव वरून कोसळलेल्या बर्फाखाली आणि दगडांखाली गाडले गेले. काठमांडूतला धरहरा मनोरा वर चढलेल्या माणसांसकट पडला.

त्यातल्या त्यात एक बरे झाले. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. त्यामुळे शाळा रिकाम्या होत्या. हजारो शाळांच्या इमारती त्या दिवशी कोसळल्या किंवा निकामी झाल्या. हेच जर शुक्रवारी झाले असते, तर मेलेल्यांच्या यादीत किती लेकरे असती याचा विचारही करवत नाही.

देवाचा कोप की जमिनीचा ताण?

भूकंप झाला की कोणी ना कोणी उठून सांगतोच, की पाप वाढले म्हणून धरणीमाता कोपली. नेपाळात १५ जानेवारी १९३४ रोजी याहून मोठा भूकंप झाला होता. त्यात नेपाळ आणि बिहार मिळून दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. तेव्हा महात्मा गांधींनी लिहिले, की अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोर स्वतः अस्पृश्यतेचे विरोधक; पण त्यांनी या म्हणण्याला जाहीर हरकत घेतली. निसर्गाच्या घटनेला नीतीचे कारण चिकटवणे हे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आपण त्यात आणखी एक साधा प्रश्न घालू. अस्पृश्यता पाळल्याची ती शिक्षा असेल, तर त्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यांच्या झोपड्या का गेल्या? पाप करणाऱ्यालाही शिक्षा आणि पाप सोसणाऱ्यालाही शिक्षा, हा कुठला न्याय?

खरे कारण जमिनीच्या पोटात आहे. आपला भारतखंडाचा भूभाग दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि तिबेटच्या भूभागाखाली घुसतो. याच रेट्याने हिमालय उभा राहिला. हे सरकणे सुरळीत होत नाही. खडक एकमेकांत अडकतात, वर्षानुवर्षे ताण साठतो आणि एके दिवशी अडकलेला भाग सुटतो. २०१५ मध्ये तो सुटला तेव्हा काही सेकंदांत काठमांडूच्या आसपासची जमीन दक्षिणेकडे दीड-दोन मीटर सरकली आणि सुमारे एक मीटर वर उचलली गेली. कारण आहे म्हणून कार्य घडते, हे आपल्याला धम्माने शिकवलेच आहे.

पण धरणी का हलली आणि माणसे का मेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर भूगर्भात मिळेल. दुसऱ्याचे उत्तर जमिनीच्या वर शोधावे लागते. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला दक्षिण अमेरिकेतील चिली देशात ८.३ तीव्रतेचा भूकंप झाला. नेपाळपेक्षा कितीतरी जबर. तिथे मेली ती पंधराच्या आसपास माणसे. चिलीत इमारती भूकंपाचा हिशेब करूनच बांधाव्या लागतात, आणि समुद्र खवळण्याचा इशारा मिळताच सरकारने किनाऱ्यावरची सुमारे दहा लाख माणसे हलवली. नेपाळच्या डोंगरात सरकारचा इंजिनिअर पोचतच नव्हता.

कोणाचे घर पडले?

नेपाळच्या खेड्यातले घर डोळ्यांपुढे आणा. डोंगरातला दगड, मातीचा गारा, जाड भिंती, वर लाकूड आणि त्यावर दगडी फरशा. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरासारखाच प्रकार. थंडीला बरे, खर्चाला परवडणारे. पण भूकंपात घातकी. हादरा बसला की दगड सुटतो, भिंतीचे पोट फुगते आणि छताचे सगळे ओझे आत येते. पडलेल्या घरांपैकी बहुसंख्य घरे याच जातीची होती. सिमेंट आणि लोखंडी सळई डोंगरावर पाठीवरून वाहून न्यावी लागते. ती ज्याला परवडली तो बहुतेक वाचला.

मेलेल्यांची यादी पाहिली तर चित्र आणखी स्पष्ट होते. सर्वांत जास्त बळी सिंधुपाल्चोक जिल्ह्यात गेले, सुमारे साडेतीन हजार. सिंधुपाल्चोक, नुवाकोट, रसुवा हा सगळा भाग तामांग लोकांचा. तामांग हे बहुसंख्येने बौद्ध. नेपाळच्या लोकसंख्येत ते शंभरात जेमतेम सहा. पण भूकंपात मेलेल्यांमध्ये सुमारे एक तृतीयांश तामांग होते. राजधानीला लागून राहणारे हे लोक इतके गरीब का राहिले? १८५४ साली नेपाळच्या राणा राज्यकर्त्यांनी ‘मुलुकी ऐन’ नावाचा कायदा केला आणि मनुस्मृतीच्या धर्तीवर साऱ्या देशाला जातींच्या पायऱ्यांवर बसवले. त्यात तामांगांना गुलाम करता येण्याजोग्या वर्गात टाकले होते. राजधानीची ओझी वाहायची, वेठ करायची आणि डोंगरउतारावरच्या निकृष्ट जमिनीत मका पिकवायचा, हे त्यांच्या पिढ्यांनी केले. त्या १८५४ च्या कायद्याची किंमत त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी २०१५ साली भरली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

मृतांमध्ये पुरुषांपेक्षा बायका अधिक होत्या. घरातले कर्ते पुरुष कतार, सौदी, मलेशिया किंवा भारतात कामाला गेलेले. त्या काळी देशाच्या एकूण उत्पन्नाच्या पाव हिश्श्याहून अधिक पैसा परदेशी राबणाऱ्यांकडून येत होता. दुपारी बारा वाजता घरात होत्या त्या बाया, म्हाताऱ्या आणि तान्ही मुले. गावात ढिगारा उपसायलाही तरणी माणसे नव्हती.

कागद नसलेला माणूस

आता मदतीकडे वळू. मी कारकुनी करणारा माणूस आहे. फाइल आणि अर्ज यांच्यात माझे आयुष्य गेले. त्या अनुभवावरून सांगतो, की सरकारी मदत माणसाला मिळत नाही, ती कागदाला मिळते. कागद ज्याच्यापाशी नाही तो माणूस असूनही नसल्यासारखा.

नेपाळात दलित लोकसंख्या शंभरात तेराच्या वर आहे. कामी म्हणजे लोहार, दमाई म्हणजे शिंपी आणि वाजंत्री, सार्की म्हणजे चामड्याचे काम करणारे. गावाची कामे करायची आणि सुगीच्या वेळी मालकाकडून धान्य घ्यायचे, या पद्धतीला तिथे ‘बालीघरे’ म्हणतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी जे बलुते भोगले, त्याचेच हे भावंड. यांतली पुष्कळ कुटुंबे मालकाच्या किंवा सरकारी जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. घर होते, चूल होती, पण जमिनीचा दाखला, ज्याला तिथे ‘लालपुर्जा’ म्हणतात, तो नव्हता.

घर बांधणीचे अनुदान मिळवायचे तर प्रथम ती जागा आपली आहे हे दाखवा, असा नियम आला. घर पडले याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. माणूस समोर उभा, ढिगारा समोर पडलेला. पण कागद नाही म्हणून नाव नाही. विधवा बाईची अडचण तर दुहेरी. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, नागरिकत्वाचा दाखला कधी काढलेलाच नाही. मदतवाटपात दलितांना डावलले गेले, पाण्याच्या नळावर आणि निवाऱ्यात विटाळ पाळला गेला, अशा तक्रारी तिथल्या दलित संघटनांनी आणि मानवी हक्कांचे काम करणाऱ्यांनी नोंदवल्या. नेपाळात अस्पृश्यतेला कायद्याचा आधार १९६३ मध्येच काढून घेतला होता. २०११ मध्ये तर ती पाळणे हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदाही झाला. कायदा पुस्तकात होता आणि नळ गावात होता.

याला नेपाळच तेवढा दोषी असे समजू नका. किल्लारीनंतर गावे नव्याने वसवली तेव्हा घरांचे तीन आकार ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीनवाल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४०० आणि सात हेक्टरच्या वरच्याला ७५० चौरस फूट. म्हणजे घरात माणसे किती यावर खोल्या ठरल्या नाहीत. शेत किती यावर ठरल्या. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळूच दिली नाही, त्याला भूकंपानंतरही सर्वांत लहान घर. जुन्या गावाची विषमता नव्या गावाच्या नकाशात आखून दिली गेली.

नेपाळात दलित आणि भूमिहीनांनी आवाज उठवला, पाठपुरावा केला. पुढे सरकारला भूमिहीन भूकंपग्रस्तांना जागा घेण्यासाठी दोन लाख नेपाळी रुपये द्यावे लागले. वृद्ध आणि एकट्या स्त्रियांसारख्या दुर्बळांना घरबांधणीसाठी जादा पन्नास हजार मंजूर झाले. मागितल्याशिवाय यातले काहीही आले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जमा किती, खर्च किती?

थोडा हिशेब मांडू. भूकंपाने नेपाळचे सुमारे ७०० कोटी डॉलरचे नुकसान झाले. देशाच्या वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या एक तृतीयांश! समजा, एखाद्या घराचे वर्षाचे उत्पन्न ९० हजार आहे आणि एका दिवसात ३० हजारांचे सामान जळाले. वर चूल रोज पेटवायचीच आहे. अशी त्या देशाची गत झाली. यातले निम्मे नुकसान नुसत्या घरांचे होते. भूकंपामुळे किमान सात लाख लोक नव्याने दारिद्र्यरेषेखाली ढकलले जातील, असा सरकारी अंदाज होता.

२५ जून २०१५ रोजी काठमांडूत देशोदेशीचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी सुमारे ४४० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. भारताने त्यात १०० कोटी डॉलर जाहीर केले; त्यातले २५ कोटी अनुदान आणि बाकीचे कर्ज. भूकंप झाल्याच्या दिवशीच भारताची बचाव पथके काठमांडूत उतरली होती, आणि पुढे गोरखा व नुवाकोट या जिल्ह्यांत पन्नास हजार घरांच्या बांधणीला भारताने मदत केली, हेही नोंदवले पाहिजे.

पण पैसा जाहीर होणे वेगळे आणि तो हातात पडणे वेगळे. पुनर्बांधणीसाठी जे प्राधिकरण स्थापायचे होते, त्याचा वटहुकूम राजकीय भांडणात रद्द झाला. कायदा व्हायला डिसेंबर उजाडला. मध्येच सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना आली. तीवरून तराईतल्या मधेशी जनतेचे आंदोलन पेटले आणि भारताच्या सीमेवरून होणारी मालाची वाहतूक फेब्रुवारी २०१६ पर्यंत अडून राहिली. नेपाळने भारताकडे बोट दाखवले, भारताने ते नाकारले. दोष कोणाचा हे राजकारणी ठरवोत. पत्र्याच्या आडोशाखाली पहिला हिवाळा काढणाऱ्या बाईला गॅस मिळाला नाही, औषध मिळाले नाही, सिमेंट मिळाले नाही, हे मात्र खरे.

घरबांधणीचे अनुदान आधी दोन लाख आणि नंतर तीन लाख नेपाळी रुपये ठरले. ते तीन हप्त्यांत मिळे. प्रथम ५० हजार, पाया तपासल्यावर दीड लाख आणि भिंती तपासल्यावर एक लाख. पहिला हप्ता वाटायला मार्च २०१६ उजाडला. म्हणजे भूकंपाला वर्ष होत आले होते. तपासणीची पद्धत चांगली होती. पुन्हा तसेच कच्चे घर उभे राहू नये हा हेतू योग्यच. पण इंजिनिअर येईपर्यंत थांबायचे, बँकेसाठी दिवसभर डोंगर उतरायचा आणि तोवर विटा-सिमेंटचे भाव चढलेले. तीन लाखांत घर पुरे होईना. मग सावकार. दोन लाख रुपये दरमहा शेकडा तीन दराने काढले, तर वर्षाचे व्याज किती? ७२ हजार! म्हणजे दुसरा हप्ता जो दीड लाखाचा, तो दोन वर्षांत जवळजवळ सगळा निव्वळ व्याजातच गेला. अशा हिशेबात घर उभे राहते आणि घरातला पोरगा आखातात जातो.

मुलींवर दलालांचा डोळा

गरिबाचे घर पडले की दलालाला वाट मोकळी होते. सिंधुपाल्चोक आणि नुवाकोट हे जिल्हे भूकंपाआधीपासूनच मुलींच्या व्यापारासाठी कुप्रसिद्ध. या व्यापाराचा दुसरा शेवट आपल्या मुंबईत, कामाठीपुऱ्यात होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत धाडी पडल्या तेव्हा सोडवलेल्या शेकडो मुलींमध्ये दोनशेहून अधिक नेपाळच्या होत्या. त्यांतल्याच काही जणींनी मायदेशी परत जाऊन ‘शक्ती समूह’ ही संघटना काढली. ज्यांना समाजाने टाकून दिले होते त्यांनीच दुसऱ्या मुलींना वाचवण्याचे काम हाती घेतले. २०१३ मध्ये या संघटनेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भूकंपानंतर पुन्हा ‘नोकरी लावतो’, ‘शाळेत घालतो’ म्हणणारे दलाल गावोगाव फिरू लागले, तेव्हा अशाच संघटना पुढे आल्या. आईबाप किंवा पालक सोबत नसतील तर मुलांना प्रवास करता येणार नाही, असा निर्बंध सरकारने घातला. भूकंपाने मारलेल्यांची मोजदाद होते. भूकंपानंतर विकल्या गेलेल्यांची होत नाही.

पडले आणि उभे राहिले

सगळेच चित्र काळे नाही. काठमांडूचा बौद्धनाथ स्तूप जगभरच्या बौद्धांचे श्रद्धास्थान. भूकंपात त्याच्या घुमटावरच्या भागाला मोठे तडे गेले. सरकारी निधीची वाट न पाहता तिथल्या बौद्धांनी दान जमवले, लोकांनी अंगमेहनत केली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये स्तूप पुन्हा खुला झाला. मोठमोठी राजवाड्याची देवळे तेव्हा टेकू देऊन उभी होती.

दुसरी गोष्ट शाळांची. भूकंपाच्या आधीच्या वर्षांत काठमांडू खोऱ्यातल्या काही सरकारी शाळांच्या भिंती बांधून-जोडून मजबूत केल्या होत्या. त्यातच गावच्या गवंड्यांना शिकवले होते. आजूबाजूला पडझड झाली तेव्हा या शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आवारात लोकांनी आसरा घेतला. म्हणजे उपाय माहीत होता, पैसाही अफाट लागत नव्हता. तो सगळीकडे पोचवला नव्हता. पुनर्बांधणीच्या काळात हजारो गवंडी आणि त्यांत पुष्कळ बायाही बांधकामाचे हे कसब शिकल्या. बहुतेक घरे उभी राहिली आणि डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाची मुदत संपली.

पण धडा सगळ्या देशात गेला नाही. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पश्चिमेकडच्या जाजरकोट आणि रुकुम भागात भूकंप झाला. तीव्रता २०१५ च्या मानाने फार कमी. तरी दीडशेहून अधिक माणसे मेली. पुन्हा दगड-मातीचीच घरे आणि मृतांमध्ये पुन्हा दलितांचा मोठा वाटा.

आपण काय करायचे?

वाचक बंधू-भगिनींनो, नेपाळची ही कहाणी वाचून नुसते हळहळणे उपयोगाचे नाही. चार गोष्टी आजच करता येतील.

पहिली गोष्ट कागदाची. घराचा उतारा, घरपट्टी, लाइटबिल, शिधापत्रिका, जातीचा दाखला यांच्या प्रती काढा आणि एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करा. गायरान जमिनीवर किंवा झोपडपट्टीत राहत असाल, तर राहण्याचा जो जो पुरावा मिळेल तो जपून ठेवा.

दुसरी गोष्ट भिंतीची. गावाकडे घर बांधताना मातीत दगड रचू नका. कोपरे नीट बांधून घ्या, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घाला आणि दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींभोवती सळईचा पट्टा फिरवायला गवंड्याला सांगा. लग्नाच्या मांडवावर जो खर्च होतो त्याच्या थोड्याशा भागात हे काम होते.

तिसरी गोष्ट यादीची. पूर असो, आग असो की भूकंप, मदतीची यादी चावडीवर लागते तेव्हा आपल्या तरुणांनी ती वाचली पाहिजे. ज्यांची नावे नाहीत त्यांचे अर्ज लिहून दिले पाहिजेत आणि अर्जाची पोच घेतली पाहिजे. दहा जणांचे मंडळ हे काम सहज करू शकते. विहारातली एक संध्याकाळ यासाठी द्या.

चौथी गोष्ट माणुसकीची. आपल्या वस्तीत चायनीजच्या गाडीवर, हॉटेलात, फाटकावर राबणाऱ्या नेपाळी माणसाला केवळ ‘ए बहादूर’ म्हणून हाक मारू नका. त्याला त्याचे नाव विचारा, गाव विचारा. आपल्यालाही कधी काळी नावाऐवजी जातीने हाक मारीत असत, याची आठवण ठेवा. त्याचे घर पडले होते का आणि ते उभे राहिले का, एवढे जरी विचारले तरी तो दोन शब्द मोकळेपणाने बोलेल.